माझी आवड: स्वतः न हसणारा विनोद (पुस्तकं, सिनेमे, मालिका)

ओसरी

तुमची आवडती पुस्तकं कुठली, सिनेमे कुठले, टीव्हीवर काय बघता, असं कुणी विचारलं की मी भराभरा नावं सांगते. चिं. वि. जोशी, बस्टर कीटन, 'येस मिनिस्टर', 'जाने भी दो यारों', 'वळू'. ऐकणाऱ्याला वाटतं, हाताला येईल ते घेतलंय. मला तसं वाटत नाही. या सगळ्यांत एक धागा आहे आणि तो मांडायचं बरेच दिवस मनात होतं.

या सगळ्यांत जो आपल्याला हसवतो तो स्वतः हसत नाही. आपण काही गमतीचं करतोय हे त्याच्या गावीही नसतं. तो जीव तोडून, अगदी मनापासून काहीतरी करत असतो. त्याचं ते मनापासून करणं आपल्याला हसवतं, आणि मग त्याच्याबद्दल माया वाटायला लागते. हसून झाल्यावर जो विनोद मनात राहतो तो मला याच जातीचा दिसतो.

सुरुवात चिं. विं.पासून करते. 'एरंडाचे गुऱ्हाळ' १९३२ चं, 'चिमणरावाचे चऱ्हाट' त्याच्या पुढच्या वर्षीचं. चिमणराव आपली कहाणी स्वतःच सांगतो, आणि सांगतो ती नेटक्या, शिस्तशीर मराठीत. कुठेही वाचकाला डोळा मारणं नाही. 'स्पष्टवक्तेपणाचे प्रयोग' घ्या. हा माणूस एखादं व्रत घ्यावं तसा स्पष्ट बोलायचा निश्चय करतो. निश्चय उदात्त, हेतू शुद्ध, आणि पुढे काय होणार ते आपल्याला दिसत असतं, त्याला नाही. लेखक चिमणरावाच्या डोक्यावरून आपल्याशी बोलतोय असं एका वाक्यातही वाटत नाही. ही संयमाची कमाई आहे. चिं. वि. पालीचे पंडित होते, बुद्धावर आणि जातककथांवर त्यांनी लिहिलंय. मला तर चिमणरावाच्या गोष्टींतही तो अभ्यासू माणूस दिसतो: माणसाच्या हट्टाकडे न रागावता बघणारा.

त्यांच्या चिमणरावाला सत्तरच्या दशकाच्या शेवटी मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर मिळाले आणि त्याच्या जोडीदार गुंड्याभाऊला बाळ कर्वे. प्रभावळकरांचा तो बारीक, किंचित चिरका आवाज आठवा. प्रत्येक संकटात चिमणरावाला खरोखर घाम फुटायचा. आता हेच प्रभावळकर 'चौकट राजा'मधला नंदू करतात, 'हसवाफसवी'त एकाच नाटकात सहा माणसं उभी करतात आणि त्यांतल्या वृद्ध गायक कृष्णराव हेरंबकरांपाशी येऊन प्रेक्षक गप्प होतो, 'लगे रहो मुन्नाभाई'त ते गांधीजी होतात. लोक म्हणतात, केवढी विविधता! मला उलटं वाटतं. मुळात एकच गोष्ट आहे: समोरच्या माणसावर पूर्ण विश्वास. चिमणरावावर जेवढा, तेवढाच बापूंवर.

आता मूकपटांतला विनोदी नट कीटन. चार्ली चॅप्लिन सगळ्यांना माहीत असतो, कीटन अजूनही आपल्याकडे कमी बघितला जातो याचं मला वाईट वाटतं. लहानपणापासून आईवडलांबरोबर रंगमंचावर आदळआपट करणारा हा मुलगा. आपण हसलो की प्रेक्षक कमी हसतात, हे त्याच्या तेव्हाच लक्षात आलं, आणि पुढे पडद्यावर त्याने चेहरा दगडासारखा ठेवला. 'स्टीमबोट बिल ज्युनिअर' (१९२८) मधला वादळाचा प्रसंग बघाच. तो रस्त्यात उभा आहे, मानेवर हात, काही कळत नाहीये. मागे दुमजली लाकडी घर. त्या घराची अख्खी दर्शनी भिंत सुटते आणि सपाट त्याच्या अंगावर येते. माळ्याची एक उघडी खिडकी नेमकी त्याच्याभोवती पडते, तो जिथल्या तिथे उभा. भिंत खरी होती, जड होती, खिडकीला दोन्ही खांद्यांशी जेमतेम जागा होती. थोडा सरकला असता तर जीव गेला असता. आणि त्याचा चेहरा? वाचल्याचा आनंद नाही, भीती नाही. एकदा इकडेतिकडे बघतो आणि पळायला लागतो, कारण वादळ अजून चालू आहे. या प्रसंगात मला आख्खं आयुष्य दिसतं.

त्याआधीच्या 'द जनरल'साठी (१९२६) त्याने ऑरेगनमध्ये खरं रेल्वे इंजिन जळत्या पुलावरून नदीत पाडलं. सिनेमा तेव्हा चालला नाही, आज जगातल्या उत्तम सिनेमांत गणतात.

आपल्याकडे परत येते. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे त्यातल्या एकाच माणसाबद्दल बोलते: सुधीर जोशी. घरमालक विश्वासराव सरपोतदार. मधुमेहाच्या औषधासाठी दिलेल्या सत्तर रुपयांची ते चौकशी करतात आणि औषध आणणारा मित्र वारला, त्याच्याबरोबर सत्तर रुपयेही वारले असं धनंजय माने सांगतो. हशा अशोक सराफांच्या वाक्यावर पिकतो. पण पुढच्या वेळी सरपोतदारांकडे बघा. त्या माणसाचे खरंच सत्तर रुपये गेलेत! ते दुःख चेहऱ्यावर नसतं तर ते वाक्य पडलं असतं.

'जाने भी दो यारों'मध्ये (१९८३) तर सगळ्यात भारी काम प्रेताचं आहे. सतीश शाह कमिशनर डिमेलो म्हणून मरतात आणि उरलेला अर्धा सिनेमा प्रेत म्हणून गाजवतात. दारू प्यायलेला आहुजा, म्हणजे ओम पुरी, रस्त्यातल्या शवपेटीला बंद पडलेली गाडी समजतो आणि आत बसलेल्याला मदत करू लागतो. किती आपुलकीने! ओम पुरींनी त्या प्रसंगात एक मिश्कील कटाक्ष जरी टाकला असता तर सगळं संपलं असतं. आणि मग शेवट. इतकं हसवून झाल्यावर ते दोघे कैद्यांच्या कपड्यांत आपल्याकडे बघत गळ्यावरून हात फिरवतात. तो शेवट कुंदन शाहांना पेलला, कारण सिनेमा पहिल्यापासून गंभीरच होता, आपण फक्त हसत होतो.

'येस मिनिस्टर' आणि 'वळू'बद्दल प्रतिसादांत लिहीन. तुमच्या याद्याही येऊ द्यात, आणि मुद्दा पटत नसेल तर तसंही सांगा.

रानमोडी

सुंदर लिहिलंय. सरपोतदारांचं अगदी अगदी! आता परत बघणार.

बडोदेकर

चिं. विं.चं नाव आल्यावर राहवेना. ते आमच्या बडोद्याला कॉलेजात शिकवायचे, आयुष्याची बरीच वर्षं त्यांची इथेच गेली. पाली ते पुण्याला धर्मानंद कोसंबींकडे शिकले. सयाजीरावांच्या काळात बडोद्यात मराठी माणूस होता, मराठी छापखाने होते, वाचनालयं होती. दांडिया बाजारात आजही मराठी कानावर पडतं. चिमणरावाचं घर पुण्यातलं, पण ते बडोद्यात बसून लिहिलेलं. मला वाटतं या अंतराचा फायदा झाला. पुण्यात राहून पुण्यावर लिहिलं की एकतर कौतुक होतं नाहीतर कुरघोडी. लांबून लिहिताना माणसं नीट दिसतात.

आमच्या घरी आजोबा 'ओसाडवाडीचे देव' मोठ्याने वाचायचे. गुजरातीत वाढलेल्या आम्हा नातवंडांचं मराठी त्या वाचनाने टिकलं.

ओसरी

बडोदेकर, मनापासून आभार. अंतराचा मुद्दा मला सुचला नव्हता आणि तो शंभर टक्के पटला.

चांदणचुरा

ताई, धागा आवडला पण मुद्दा अर्धाच पटला. तुमच्या नियमात लक्ष्मीकांत बेर्डे बसत नाहीत. ते उड्या मारतात, ओरडतात, डोळे फिरवतात, मध्येच प्रेक्षकांकडे बघतात. आणि महाराष्ट्राने त्यांच्यावर जेवढं प्रेम केलं तेवढं कुठल्या दगडी चेहऱ्यावर केलं? दुसरं म्हणजे पु. ल. देशपांडे. भाई एकपात्री करताना स्वतः मिश्कील असायचे, हसू ओठांवर असायचं. मग त्यांना काढणार का यादीतून?

ओसरी

चांदणचुरा, अशाच प्रश्नासाठी धागा काढला होता.

आधी पु. लं.चं. कथन करणारे भाई हसतात, बरोबर. पण अंतू बर्वा हसतो का? रत्नागिरीत वीज येणार म्हटल्यावर तो म्हणतो ते आठवा: उजेड पडून दिसणार काय, तर घरातलं दारिद्र्यच. हे वाक्य अंतूशेटनी विनोद म्हणून टाकलेलं नाही. एकट्या पडलेल्या, मुलगा लांब असलेल्या म्हाताऱ्याने आयुष्याचा काढलेला तो हिशेब आहे. 'व्यक्ती आणि वल्ली'तला नारायण लग्नघरात राबतो, सखाराम गटणे पुस्तकी भाषेत बोलतो, हरितात्या इतिहासात हरवतो. यांतला एकही जण गंमत करत नाहीये. भाई हसतात ते त्यांच्या प्रेमाने, त्यांच्यावर नाही. आणि 'म्हैस' घ्या: एसटीखाली म्हैस येते, पंचनामा येतो, हवालदार येतो, प्रत्येक उतारू आपापल्या परीने गंभीर. हसणारा फक्त श्रोता.

लक्ष्मीकांतबद्दल थोडं वेगळं म्हणते. अंग उसळत असलं तरी आतला माणूस घाबरलेला असायचा. बनवाबनवीत त्याने बाईचं सोंग घेऊन केलेल्या पार्वतीच्या डोळ्यांतली, पकडले जाऊ ही भीती खरी आहे. आवाज मोठा, पण त्याच्या तळाशी असुरक्षित गरीब मुलगा. लोकांनी त्या मुलावर प्रेम केलं असं मला वाटतं.

गोरखचिंच

लक्ष्मीकांतचा विषय निघालाय तर 'एक होता विदूषक' (१९९२) सांगायलाच हवा. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, पटकथा-संवाद पु. लं.चे, गाणी ना. धों. महानोरांची, संगीत आनंद मोडक यांचं. तमाशातला सोंगाड्या आबुराव सिनेमाचा नट होतो, मग राजकारणात ओढला जातो. ज्याने आयुष्यभर हसवलं त्याच्यातलं हसवणंच निसटतं. बेर्डेंना यापूर्वी कुणी असं काही दिलं नव्हतं. चांदणचुरा, हा बघितला नसेल तर आजच बघा, तुमचा आणि ओसरीताईंचा वाद तिथे मिटेल.

आणि सोंगाड्याचा विषय आलाय तर एक गंमत. बनवाबनवीचे संवाद लिहिणारे वसंत सबनीस हे 'विच्छा माझी पुरी करा'चे आणि दादा कोंडक्यांच्या 'सोंगाड्या'चेही (१९७१) लेखक. वगनाट्याचा बतावणीचा बाज आणि शहरी फार्स एकाच माणसाच्या हातून! दादांचा चेहरा आठवा: बोलणं कितीही द्वयर्थी असो, चेहरा शाळेत पहिल्या दिवशी आलेल्या पोरासारखा. ताईंच्या यादीत दादा हवेतच.

ओसरी

गोरखचिंच, दादा हवेत. विशेषतः 'सोंगाड्या'. सबनीसांवर कुणीतरी स्वतंत्र धागा काढा, त्यांचं नाव नट आणि दिग्दर्शकांच्या मागे पडतं.

नस्तीबंद

शासकीय सेवेतून निवृत्त आहे, म्हणून 'येस मिनिस्टर'बद्दल लिहितो. अँटनी जे आणि जोनाथन लिन यांनी लिहिलेली ही ब्रिटिश मालिका १९८० ते ८४ चालली, मग 'येस प्राइम मिनिस्टर' आली. मार्गारेट थॅचर यांची ती लाडकी होती. आम्ही काही सहकारी व्हिडिओ कॅसेटवर बघायचो, आणि दुसऱ्या दिवशी कार्यासनावर बसलं की समोर तेच. नस्ती, म्हणजे फाइल, वर जाते, 'चर्चा करावी' असा शेरा घेऊन खाली येते. चर्चा होते, 'तपासून सादर करावे' होऊन परत येते. यात कुणी कामचुकार नसतो. प्रत्येकजण आपल्या टिपणीत अक्षरशः जीव ओततो.

मंत्र्याचा सचिव सर हम्फ्री खलनायक नाही, हे त्या मालिकेचं मोठेपण. मंत्री येतील आणि जातील, राज्य आपल्यालाच चालवायचंय, अशी त्याची श्रद्धा आहे. नायजेल हॉथॉर्नने ती लांबलचक वाक्यं श्वास न तोडता म्हटली, कारण त्या माणसाला प्रत्येक उपवाक्य आवश्यक वाटतं. नव्याने लागलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याने ही मालिका बघावी असं मला प्रामाणिकपणे वाटतं. तिची हिंदी आवृत्ती 'जी मंत्रीजी' फारुख शेखनी केली, तीही पाहण्यासारखी आहे.

ओसरी

काका, तुम्ही लिहिल्यावर मी या मालिकेवर वेगळं लिहायची गरज उरली नाही. 'वळू'त (२००८) मला हीच गोष्ट गावपातळीवर दिसते. कुसवडे गावात डुरक्या नावाचा वळू, त्याला पकडायला आलेला वन अधिकारी, त्याच्यासोबत कॅमेरा घेऊन आलेला भाऊ. गावात ज्याला त्याला त्या मोहिमेतून काहीतरी हवंय: कुणाला मान, कुणाला राजकारण, कुणाला नुसतं कॅमेऱ्यात यायचंय. बैल मात्र आपला शांत फिरतोय. उमेश कुलकर्णी आणि गिरीश कुलकर्णी या जोडीने गावाला बावळट दाखवलं नाही, ते मला फार मोलाचं वाटतं. शहरातून कॅमेरा गावात गेला की बहुतेक वेळा गावाला हसतो.

पंढरपुरी

गावाबद्दल बोलताय आणि दमा, म्हणजे द. मा. मिरासदार, अजून आले नाहीत? मिरासदारांचा जन्म अकलूजचा, वाढले आमच्या पंढरपुरात, पुण्यात मराठीचे प्राध्यापक, १९९८ च्या परळीच्या संमेलनाचे अध्यक्ष. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि दमा, तिघांनी कथाकथनाने महाराष्ट्र पालथा घातला. 'भुताचा जन्म' किंवा 'माझ्या बापाची पेंड' ध्वनिमुद्रणात ऐका. थापा मारणारी माणसं दमांनी अशी लिहिलीत, की थाप मारणाऱ्याचाही तिच्यावर विश्वास बसलेला असतो. भोकरवाडीचे नाना चेंगट आणि बाबू पैलवान एखाद्या फालतू गोष्टीवर पारावर बसून मसलत करतात, ती मसलत राज्य बुडायच्या वेळी होते तितकी गंभीर.

'एक डाव भुताचा' (१९८२) या सिनेमाची पटकथा त्यांचीच, आणि त्यात हेडमास्तरही तेच झालेत. त्यातलं भूत अशोक सराफ!

ओसरी

'मिरासदारी' माझ्या उशाशी असते, आणि दमांबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते त्यांच्या गावच्या माणसाकडून यावं हेच छान झालं.

शिरीषफूल

मला नेमाड्यांच्या 'कोसला'चा पूर्वार्ध विनोदी पुस्तकांत धरावासा वाटतो. वसतिगृह, खाणावळीचा कारभार, वडिलांच्या पैशांचा चुराडा, पांडुरंग सांगवीकर सगळं त्याच सपाट सुरात सांगतो. खूप हसते मी तिथे. आणि मग त्याची धाकटी बहीण मनी जाते. सूर तोच, पण आता वाचवत नाही. ज्या आवाजाने हसवलं त्याच आवाजाने रडवलं, म्हणून ते पान इतकं आत जातं. ताईंचा मुद्दा मला इथे सगळ्यात जास्त पटतो.

ओसरी

शिरीषफूल, यावर मला काही बोलायचंच नाही. शंभर वेळा अनुमोदन.

दहिवर

मी इथल्या बऱ्याच जणांपेक्षा लहान आहे. माझ्यासाठी विनोद म्हणजे 'साराभाई वर्सेस साराभाई' ही हिंदी मालिका, यूट्यूबवरचं भाडिपा आणि मराठी स्टँडअप. 'साराभाई'तल्या सासूला, मायाला, समोर राहणारी सून मोनिशा मध्यमवर्गीय वागली की खरोखर वेदना होतात, रत्ना पाठक शाह एकदाही 'बघा मी कशी विनोदी' असं करत नाहीत. मायाचा नवरा इंद्रवदन म्हणजे परत सतीश शाहच. २०२५ मध्ये ते गेले तेव्हा आमच्या ग्रुपवर दिवसभर डिमेलो आणि इंदूच्या क्लिप फिरत होत्या. स्टँडअपमध्ये मात्र स्वतःच्याच वाक्यावर हसणारे मला नकोसे होतात.

विनोदी कार्यक्रमांत मागे परीक्षकांच्या हसण्याचे शॉट्स येतात, त्याबद्दल तुमचं काय मत?

ओसरी

दहिवर, मला ते खटकतात. कुणी हसताना दाखवलं की माझं हसू माझं राहत नाही. पण कलाकारांचा दोष नाही. 'हास्यजत्रे'तल्या कित्येक जणांची ताकद मोठी आहे, त्यांच्यावर कॅमेरा दोन क्षण जास्त थांबायला हवा. ओळ संपल्यावर चेहऱ्यावर जे उमटतं तेच तर बघायचं असतं आणि नेमकं तेव्हाच चित्र बदलतं.

'श्रीयुत गंगाधर टिपरे' आठवतेय का कुणाला? प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी'वरून केलेली. रात्री आबा डायरी लिहायला बसायचे, घरात काहीही विशेष घडलेलं नसायचं. शेखर, श्यामला, शलाका, शिऱ्या, सगळे आपापल्या क्षुल्लक काळज्यांत बुडालेले. हसू आपल्या घरातल्यासारखं यायचं.

रानमोडी

टिपरे! +१००. आणि 'गोलमाल'चे भवानीशंकर? उत्पल दत्त बंगाली रंगभूमीवरचे कडवे डावे नाटककार, १९६५ मध्ये तुरुंगात गेलेले. असा माणूस मिशीच्या प्रश्नावर जीव पणाला लावतो. मिशी हे त्यांच्यासाठी तत्त्व आहे!

ओसरी

रानमोडी, भवानीशंकर या धाग्याचे अध्यक्ष.

सायलीची_आई

सगळं वाचून काढलं. माझी मुलगी आठवीत आहे, इंग्रजी माध्यम, मराठी पुस्तक हातात दिलं की दोन पानांत ठेवून देते. हसायला मात्र आवडतं तिला. कुठून सुरुवात करू?

ओसरी

पुस्तकापासून करू नका. आधी कीटन दाखवा, मूकपट असल्याने भाषेचा अडथळाच नाही. 'स्टीमबोट बिल' आणि 'जनरल' दोन्ही अमेरिकेत कॉपीराइटमुक्त आहेत, नेटवर उघडपणे मिळतात. मग 'म्हैस' पु. लं.च्या आवाजात ऐकवा. काही शब्द कळणार नाहीत, तरी थांबवून अर्थ सांगू नका, माणसं कळतात. त्यानंतर दमांची 'व्यंकूची शिकवणी' तुम्ही स्वतः वाचून दाखवा. शिकवणीला जाणाऱ्या मुलीला ती लगेच आपली वाटेल. चिमणराव शेवटी. त्यातली नव्वद वर्षांपूर्वीची भाषा तिला जड जाईल, पण तोवर कान तयार झालेला असेल. 'स्पष्टवक्तेपणाचे प्रयोग'पासून सुरू करा.

पंढरपुरी

आणि भोकरवाडी वाचून दाखवणार असाल तर नाना चेंगटाचा आवाज बारीक काढा आणि बाबू पैलवानाचा भरदार. वाचताना आपण अजिबात हसायचं नाही, पोरगी आपोआप हसते.